लाल पिन काढली की

अभय चपला काढायच्या आधीच दारातून ओरडला, "मित्रा, आकांक्षाचा पियानोवाला बर्लिनला पळाला! पुढच्या शुक्रवारी शो आहे. मी तुझं नाव टाकलंय."

तव्यावर भाकरी होती. ती जळली. जळू दे म्हटलं.

अभय आमच्या डिलाईल रोडचाच, पलीकडच्या चाळीतला. पप्पांच्या गायन पार्टीत ऑक्टोपॅड वाजवतो आणि शनिवार-रविवार लोअर परळच्या क्लबात आकांक्षाच्या मागे ड्रम. आकांक्षा प्रभादेवीची, जॅझ गाते. बाहेरून शिकून आली आहे, पण खरंच गाते, उगाच नखरे करत नाही. आणि मी संघमित्रा, अभयसाठी नुसती मित्रा. सकाळी सहा ते एक, एका लॅबसाठी घरोघर जाऊन लोकांचं रक्त काढते. दहाव्या वर्षापासून पार्टीत कीबोर्ड वाजवते. भीमगीतं, बुद्धगीतं. एप्रिलमध्ये एका दिवसाला तीन-तीन स्टेज.

कुणाकडे शिकले नाही. शिकवायला बसलं होतं कोण? ज्यांच्या घरी पियानो आहेत त्यांच्या घरी मी जाते, पण सिरिंज घेऊन. एकदा एका हॉलमध्ये बाईंचं बीपी खाली येईस्तोवर थांबले होते, बाजूला काळा लखलखीत पियानो. नुसतं बोट लावलं. बाई म्हणाल्या, "हात नको हं लावूस, पॉलिश आहे." त्याच हातानं मी पाच मिनिटांनी त्यांची शीर शोधली. ते मात्र चाललं.

जॅझ मी दोन वर्षांपूर्वी अभयच्या फोनवर पहिल्यांदा ऐकलं. वाटलं, चार माणसं भांडतायत आणि भांडण संपवायची कुणालाच घाई नाही. तिथंच अडकले. तेव्हापासून दुपारी एक ते चार मी रेकॉर्डिंग लावते आणि त्याच्याबरोबर वाजवते. थांबवते, मागे घेते, परत लावते. एक कॉर्ड सापडायला कधी पूर्ण दुपार जायची. सापडला की खोलीत एकटीच नाचायचे.

"कधी जायचं?" मी अभयला विचारलं.

"गुरुवारी ऐकणार. सहा इंग्रजी गाणी आहेत, पाठवतो. पण ऐक, अजून एक पोरगी आहे रांगेत. अनुजा म्हणून. लंडनच्या पियानोच्या आठ परीक्षा पास."

"मी काय पास आहे सांगितलंस?"

"मी सांगितलं, हिचं स्टेजवर लाइट गेली तरी गाणं थांबत नाही."

ते खरं होतं. लाइट गेली की मी पेटी ओढते.

त्या रात्री फोनवर सहा रेकॉर्डिंगं आली. बँडच्या जुन्या तालमी. रेकॉर्ड करणाऱ्यानं डोकं लावलं होतं. उजव्या बाजूला एकटा पियानो, डाव्या बाजूला बाकी सगळे. आमच्या कॉटखाली पार्टीचा ॲम्प्लिफायर असतो. त्याला फोन जोडायची वायर आहे, तिच्या टोकाला दोन पिना, एक लाल, एक पांढरी. लाल पिन काढली की पियानोवाला गायब! गाणारी तीच, बास तोच, अभयचे ड्रम तेच, आणि मधे एक रिकामी खुर्ची. त्या खुर्चीवर मी.

सोमवारी दोन्ही पिना लावून ऐकलं. बर्लिनवाल्याचे कॉर्ड एकेक करून उचलले. तो डाव्या हातानं खालचा मूळ सूर वाजवतच नव्हता. अर्धा तास मला वाटलं वायर खराब आहे. मग कळलं, तो सूर बासवाला वाजवतोय, मग ह्यानं कशाला वाजवायचा? एवढी साधी गोष्ट! मी कीबोर्डवर थाप मारून हसले. मंगळवारी लाल पिन काढली. बुधवारी सहाच्या सहा गाणी मी न थांबता काढली, एकदाही कॉर्ड चुकला नाही. कॉटवर चढून उडी मारली. शेजारच्या राधाबाई भिंतीवर ठोकून म्हणाल्या, "संघमित्रे, पास झालीस काय गो?"

"झालेच समजा!"

गुरुवारी दुपारी कीबोर्ड पाठीवर टाकून चालत निघाले. तालमीची जागा लोअर परळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, दुसऱ्या मजल्यावरचा गाळा. बाजूच्या गाळ्यात लग्नपत्रिका छापतात. आकांक्षा अनवाणी उभी होती, केस वर बांधलेले, हातात पोह्यांची डिश. "ये ये, संघमित्रा ना? खाणार?" चांगली वाटली.

बासवाला हितेंद्र मात्र कीबोर्डवरच्या स्टिकरकडे बघत होता. निळ्या अक्षरांत पार्टीचं नाव आहे त्यावर. म्हणाला, "ओह, तुम्ही त्या लाऊडस्पीकरवाल्या पार्टीत वाजवता?"

"हो," मी म्हटलं. "दहा हजार माणसं बसलेली असतात समोर. तुमच्या क्लबात किती बसतात?"

अभयनं झांजेवर काडी आपटली. आकांक्षा पोहे खाता खाता हसली. हितेंद्र बास सुरात लावायला लागला. तो आधीच सुरात होता.

पहिलं गाणं सुरू झालं. हळू चालीचं होतं. तिनं पहिली ओळ गायली आणि मला पंख फुटले. जिवंत बाई, माझ्यापासून चार फुटांवर, आणि सगळे कॉर्ड माझ्या हातात! ओळ संपली, मी वाजवलं. दुसरी संपली, मी वाजवलं. मला वाटलं उडतेय मी.

पाचव्या ओळीला आकांक्षानं हात वर केला. सगळे थांबले.

"संघमित्रा, कॉर्ड्स एकदम बरोबर आहेत. पण तू माझं गाणं का गातेयस?"

"मी कुठे गातेय?"

"मी ओळ संपवते की तू तीच ओळ परत वाजवतेस. आणि मी गात असताना खालून चालसुद्धा वाजवतेस. मला हलायला जागाच नाही. परत करूया?"

परत केलं. माझ्या हातानं परत तेच केलं. मला दिसत होतं, तरी हात थांबेना. तिसऱ्यांदा केलं, मग मी मुद्दाम काहीच वाजवलं नाही, तर गाणं एका कुशीवर पडलं. हितेंद्र खिडकीतून बाहेर बघत होता. त्याचा तो चेहरा मला आयुष्यभर पुरेल.

"शनिवारी परत ये," आकांक्षा म्हणाली. "अनुजा उद्या येतेय. शनिवारी मी ठरवते. खोटं नाही बोलत, आत्ता मला ती जवळची वाटतेय."

तोंडावर बोलली, हे मला आवडलं. पण जिन्यात आल्यावर छापखान्याच्या दाराला लाथ मारली. आतून माणूस ओरडला, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही, पाय घसरला."

मला राग त्यांच्यावर नव्हता, तर स्वतःच्या हातांवर होता. हे हात कुठे बिघडले ते मला माहीत होतं. आमच्या स्टेजवर गाणारा ओळ सोडतो आणि पेटी ती ओळ उचलते. हीच साथ. गाणाऱ्याला दम घेऊ द्यायचा आणि लोकांच्या कानातून चाल उतरू द्यायची नाही. कारण रस्त्यावरचं स्टेज आहे. बाजूनं ट्रक जातो, पोरं रडतात, मागे कोणी वडापाव वाटत असतो. दोन सेकंद शांत राहिलात की शेवटच्या रांगेतून शिट्टी येते आणि माणसं उठायला लागतात. रिकामी जागा दिसली की भरायची. पंधरा वर्षं मी तेच केलं होतं. आणि लाल पिन काढून मी काय पाहिलं होतं? रिकामी जागा. मग भरली. रेकॉर्डिंग बिचारं काय बोलणार? रेकॉर्डिंगातली बाई मागे वळून कधी विचारते का, की माझं गाणं का गातेयस?

घरी आले तेव्हा पप्पा पेपर वाचत होते, आई लसूण सोलत होती. पप्पा, म्हणजे रामदास, आमच्या पार्टीचे मुख्य गायक, बेस्टच्या वर्कशॉपमधून रिटायर. सगळं ऐकून त्यांनी पेपर खाली ठेवला.

"त्यांना साथ कळत नाही," पप्पा म्हणाले. "गाणाऱ्याला एकटं पाडायचं नाही, हा नियम. मी तुला शिकवलेला."

"तोच नियम आडवा आलाय, पप्पा."

"मग त्यांचं गाणंच कच्चं असणार."

"तुम्ही ऐकलंय कुठे?" आई म्हणाली. लसणावरून नजर न उचलता. "लाव गो ते. ऐकू दे मला."

आई, चंपा. पार्टीत बावीस वर्षं कोरसमध्ये बसली. कोरस म्हणजे दोन बायका आणि चार पुरुष, मुखडा उचलायचा आणि टाळी वाजवायची. पोस्टरवर पप्पांचं नाव वीतभर, ढोलकीवाल्याचं बोटभर, आणि खाली लिहायचे "व कोरस". त्या "व" मध्ये माझी आई. मला ते कधी खटकलं नाही, हे मी कबूल करते. मला पेटी दिसायची, माईक दिसायचा. टाळी कोण बघतं?

मी लाल पिन काढून पहिलं गाणं लावलं आणि त्याच्याबरोबर वाजवलं. आईनं दोन ओळी ऐकल्या.

"बंद कर. ती बाई श्वास घेते तिथंच तू घुसतेस. गाणाऱ्याच्या तोंडात हात घालतात काय?"

"मग कुठे वाजवू?"

"तू नको वाजवूस. नुसतं गाणं लाव."

लसणाची परात तिनं बाजूला सरकवली, हात साडीला पुसले आणि टाळी वाजवायला लागली.

पहिल्या ओळीला तिनं काहीच वाजवलं नाही. ओळ संपता संपता एक टाळी, ठोक्याच्या जरा आधी, जणू बाईला मागून हलका धक्का दिला. दुसऱ्या ओळीत दोन, जवळ जवळ. तिसरी ओळ कोरडी गेली. मग एकदम ओळीच्या मधोमध एक अशी वाजली की रेकॉर्डिंगातला अभय जणू तिचं ऐकूनच वाजवतोय असं वाटलं.

पप्पा म्हणाले, "चंपा, ताल सुटतोय तुझा."

"ताल सुटत नाय माझा. तुमच्या मागे बावीस वर्षं अशीच वाजवली. तुम्ही पुढे तोंड करून गात होतात, तुम्हाला काय ऐकू येणार?"

पप्पांनी पेपर परत उचलला. उलटा धरला होता.

"आई, परत!" मी जवळपास किंचाळले. "परत वाजव! तुझी टाळी पडेल तिथं मी कॉर्ड टाकते!"

गाणं मागे घेतलं. तिची टाळी आणि माझे दोन्ही हात एकदम. ठप्प. मग काही नाही. ठप्प-ठप्प. काही नाही. आणि त्या "काही नाही" मध्ये बाईचा आवाज असा वर आला, जसा मी ह्या खोलीत, ह्या स्पीकरमधून कधी ऐकलाच नव्हता! चाल मी वाजवतच नव्हते, तरी चाल जास्त ऐकू येत होती. मी रडले नाही, पण शिव्या खूप दिल्या. आई म्हणाली, "तोंड सांभाळ, पप्पा बसलेत."

मी परत लावलं आणि आईची जागा धरून वाजवायला गेले, तर तिनं टाळी भलतीकडेच मारली.

"अगं, मघाशी इथं नव्हती!"

"मघाशी मघाशी होतं."

"पण गाणं तेच आहे! रेकॉर्डिंग आहे, ती बाई दर वेळी तशीच गाणार!"

"भाजी तीच असते म्हणून रोज एकसारखंच मीठ पडतं काय हातून? ऐक गो. आधी ऐक, मग वाजव. पाठ नको करूस."

इथं माझं दोन वर्षांचं शिक्षण उघडं पडलं. मी रेकॉर्डिंग पाठ करत होते. पुढे काय येणार ते मला माहीत असायचं, म्हणून मी ऐकायचं सोडून दिलं होतं. मग मी एक केलं. शुक्रवारची पूर्ण दुपार ती सहा गाणी मी सुरुवातीपासून लावलीच नाहीत. आईच्या हातात फोन दिला. ती डोळे मिटून कुठेही बोट ठेवायची, गाणं कुठूनही उठायचं आणि मला धावत जाऊन बसायचं. कधी ओळीच्या पोटातून, कधी बासच्या एकट्या तुकड्यातून. पहिल्यांदा मी दहादा पडले. मग आठदा. चारच्या सुमारास एकदा अशी चढले की आईनं फोन टाकून टाळी धरली आणि आम्ही दोघी शेवटपर्यंत गेलो.

राधाबाई दारात येऊन उभ्या. "काय गो, परवापर्यंत सारखी वाजवायचीस. आता मध्येच गप्प होतेस. लाइट जाते काय तुमची?"

"नाही हो, शिकतेय."

"गप्प बसायला शिकतेस? मग आमच्या सुनेला पण आणते तुझ्या आईकडे."

शनिवारी मी त्या गाळ्यात शिरले तेव्हा अनुजा नव्हती. तिचं काल झालं होतं. कसं झालं, मी विचारलं नाही. हितेंद्र म्हणाला, "आज कमी वाजवणार ना?"

"आज तुझं ऐकणार," मी म्हटलं. "तू ऐकण्यासारखं वाजव."

अभय खोकला. आकांक्षा म्हणाली, "भांडण नंतर. पहिलंच घेऊ."

हळू चाल. पहिली ओळ. मी हात मांडीवर ठेवले. सांगते, पंधरा वर्षांत इतकं कठीण काही केलं नव्हतं. दोन्ही हात वाजवायला शिवशिवत होते. ओळ संपली. एक कॉर्ड, थोडा आधी, हलका. तिचा खांदा हलला. दुसऱ्या ओळीला दोन. तिसरी ओळ मी सोडली आणि त्या सोडलेल्या जागेत हितेंद्रचा बास आला, खालून, गोल, भरलेला. माणूस खडूस आहे, पण काय वाजवतो! मी त्याच्याकडे बघून मान हलवली. त्यानं बघितलं नाही, पण पुढच्या ओळीला परत तीच जागा दिली. हे भांडण नव्हतं, किंवा होतं तर ज्यात सगळे एकमेकांचं पूर्ण ऐकून घेतात असं.

दुसरं गाणं तेज. त्यात घोळ झाला. कडवं संपवून आकांक्षानं परत मुखड्यावर यायचं, ते ती आलीच नाही. रेकॉर्डिंगात ती बरोबर जागेवर येते, साठ वेळा ऐकलंय मी. इथं जागा आली आणि ती गप्प. विसरली की मुद्दाम थांबली, मला माहीत नाही. अभयची काडी क्षणभर अडखळली. हितेंद्र पुढच्या सुरावर जायला निघाला. परवाची मी असते तर मुखडा वाजवून टाकला असता, हे घ्या बाई तुमचं गाणं, म्हणून तिच्या हातात कोंबला असता. मी तिच्या पाठीकडे बघितलं. पाठ वर झाली नव्हती. म्हणजे तिनं श्वासच घेतला नव्हता अजून. मी तोच कॉर्ड परत दिला, जिथल्या तिथं. हितेंद्र वळला आणि थांबला. मी तोच कॉर्ड परत दिला. अभयला कळलं, त्यानं खालून तोच ठेका गोल फिरवत ठेवला. आम्ही तिघं एका जागी उभे राहून पळत होतो! चार ठोके. आठ. मग तिची पाठ वर झाली, मी हात उचलले आणि ती आली.

कशी आली! आल्या आल्या हसत होती गाण्यातच.

गाणं संपलं. बाजूच्या गाळ्यातलं पत्रिकांचं मशीन खटखट करत होतं.

"हे कुठे शिकलीस?" आकांक्षानं विचारलं. "परवा तर नव्हतं."

"आईकडे. ती टाळी वाजवते."

"कुठे?"

"ह्या लाऊडस्पीकरवाल्या पार्टीत."

हितेंद्रनं डोकं खाजवलं. "हो, ठीक आहे, ठीक आहे," म्हणाला. माफी नव्हती ती. मलाही माफी नको होती. मला खुर्ची पाहिजे होती.

"मग अनुजाचं काय?" मीच विचारलं. माझ्याच्यानं राहवलं नाही.

"तिला मी फोन करते. काल तिनं सगळं अगदी व्यवस्थित वाजवलं. मी चुकले असते तर तीपण माझ्याबरोबर व्यवस्थित पडली असती." आकांक्षानं पाण्याची बाटली तोंडाला लावली, अर्धी संपवली. "शुक्रवारी साडेसहाला साउंडचेक. उशीर नको."

अभयनं झांजेवर असा काही हात मारला की छापखानेवाला येऊन दारात उभा राहिला. मी उठून ओरडणार होते, नाचणार होते, पण आकांक्षा परत माईकपाशी जाऊन उभी राहिली.

"बसून राहा. अजून एक आहे. शुक्रवारी शेवटी घ्यायचंय. मी परवा लिहिलं."

"रेकॉर्डिंग पाठवा ना," माझ्या तोंडातून गेलं. "मी उद्या दुपारी…"

"रेकॉर्डिंग नाहीये. कुणी वाजवलेलंच नाही अजून. डी फ्लॅट."

डी फ्लॅट म्हणजे आमच्याकडची काळी एक. पप्पांची पट्टी नव्हे, माझ्या हाताला सवय नसलेली. कॉर्डचा कागद नाही. तिनं कॉर्ड कसे चालतात ते तोंडानंच चार वाक्यांत सांगितलं, हितेंद्रनं तळहातावर पेननं लिहून घेतलं. मी काहीच लिहिलं नाही. पिन काढायला कुठली पिनच नव्हती. ह्या गाण्याची खुर्ची पहिल्यापासून रिकामी, आणि तिच्यावर बसलेली मी.

अभयनं काड्या वर धरल्या. "एक, दोन…"

आकांक्षानं पहिली ओळ म्हटली. मराठीत होती! मी दचकले, पण हात हलवला नाही. ऐकलं. दुसऱ्या ओळीला तिनं मागे न बघता डावा पंजा जरा उघडला. अजून नाही. अजून नाही. तिची पाठ वर व्हायला लागली, आणि ती पूर्ण वर जायच्या आत, केसभर आधी, मी दोन्ही हात खाली टाकले.